टपाल तिकिटांचा संग्रह: किंमत वाढते की नुसतंच वय?

वाईकरीण

आमच्या सासऱ्यांना निवृत्त झाल्यापासून तिकिटांचा नाद लागलाय. नाद म्हणजे साधासुधा नाही. नवीन तिकीट निघालं की अख्खी शीट घ्यायची, एक नातवाच्या नावाने, एक नातीच्या. पोस्टात फिलाटेली डिपॉझिट अकाउंट काढलंय, त्यामुळे सगळं घरपोच येतं. अण्णांचं म्हणणं असं, की सोनं चोरीला जातं, शेअर पडतात, तिकीट कधी खाली येत नाही. पोरांच्या शिक्षणाला उपयोगी पडेल. परवा कुणीतरी त्यांना गांधीजींच्या तिकिटाला चार कोटी मिळाल्याचा मेसेज पाठवला, तेव्हापासून तर विचारूच नका.

नवरा म्हणतो, त्यांना आनंद मिळतोय ना, तू मध्ये पडू नकोस. पडायचं नाहीच मला. पण महिन्याला बऱ्यापैकी पैसे जातात आणि घरच्या हिशेबात ते 'गुंतवणूक' म्हणून धरले जातात, ते टोचतं. त्यांच्या शाळेतल्या वयाचा एक जुना अल्बमही आहे, त्यातलं मला काही कळत नाही.

जाणकारांनी सांगावं, संग्रही तिकिटांची किंमत काळाबरोबर खरंच वाढते का?

तिरकस

वाढते की. विकायला काढेपर्यंत वाढतच असते.

फुटाणे

हाहाहा! धागा उघडल्या उघडल्या बंद.

नाशिकरोडकर

तिरकस यांनी एका ओळीत आटपलं, मी जरा लांबण लावतो. आमच्या घरातली माणसं सिक्युरिटी प्रेसमध्ये, म्हणजे तिकिटं छापणाऱ्या सरकारी छापखान्यात होती, त्यामुळे तिकिटांच्या गोष्टी ऐकतच जेवणं झाली.

नव्या तिकिटाबरोबर पोस्ट एक माहितीपत्रक काढतं. ज्यांचं तिकीट आहे त्यांचं चरित्र सगळे वाचतात. खाली बारीक अक्षरांत तांत्रिक तपशील असतो, तिकडे कुणी बघत नाही. छपाई कुठली, पद्धत कुठली आणि मुख्य म्हणजे किती तिकिटं छापली ते तिथे दिलेलं असतं. आकडा लाखांत असतो. देशाच्या मानाने चार-पाच लाख काही फार नाहीत असं वाटेल. पण आता स्मारक तिकीट पत्रावर लावतंय कोण? काउंटरवर बारकोडची पट्टी चिकटते आणि पत्र आत जातं. छापलेला माल थेट संग्राहकांच्या नाहीतर विक्रेत्यांच्या कपाटात जातो, तोही अख्ख्या शीटने, डिंकासकट, प्लास्टिकमध्ये. अजून पन्नास वर्षांनी तो तसाच कोरा करकरीत बाहेर निघणार. जुनी तिकिटं दुर्मिळ झाली कारण लोकांनी ती पत्रासकट फेकली, चुलीत घातली. जे सगळ्यांनीच जपलंय ते दुर्मिळ कसं व्हायचं?

सचिनचंच घ्या. १४ नोव्हेंबर २०१३, वानखेडे, दोनशेवी कसोटी, त्याच दिवशी तिकीट. दर्शनी किंमत २० रुपये. 'घेऊन ठेवा, पुढे हजारांत जाईल' म्हणणारे माझ्या ओळखीतच ढिगाने होते. आज कुठल्याही तिकीटविक्रेत्याकडे सचिन मागा, उठायच्या आधी हातात देतो.

मुदतठेव

आयडीला जागून आकडेमोड करतो. २००५ साली ५ रुपयांचं तिकीट घेतलं. तेच ५ रुपये ७ टक्क्यांनी चक्रवाढीने ठेवले असते तर वीस वर्षांत १९ रुपये झाले असते. म्हणजे आज ते तिकीट निदान १९ रुपयांना विकलं गेलं तर बरोबरी. एक तिकीट हौशी माणूस घेईलही. शंभर तिकिटांची शीट घेऊन विक्रेत्याकडे गेलात तर तो दर्शनी किमतीलासुद्धा नाक मुरडतो. आणि महागाई अजून मध्ये आणलेलीच नाही.

फुटाणे

पण दर्शनी किमतीखाली तर जात नाही ना? शेवटी पोस्टाचंच तिकीट. राखीपौर्णिमेला लावून टाकायचं.

मुदतठेव

@फुटाणे, जातं. अमेरिकेत गेल्या कित्येक दशकांची कोरी तिकिटं विक्रेते दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने घेतात आणि सवलतीतलं टपाल म्हणून पुढे विकतात. आजी-आजोबांनी शीटच्या शीट भरलेल्या ट्रंका, नातवंडं त्या पाकिटांवर चिकटवतायत.

लंडनस्थ

त्याहून गंमत इथे झाली. ३१ जुलै २०२३ नंतर राणीच्या डोक्याची नेहमीची बिनबारकोडची तिकिटं टपालाला चालेनाशी झाली. बदलून देण्याची योजना ठेवली, चित्रांची स्मारक तिकिटं चालू राहिली, पण ज्यांनी 'फर्स्ट क्लासचं तिकीट, दर कितीही वाढो, कायम चालणार' म्हणून साठे करून ठेवले होते त्यांची धावपळ बघण्यासारखी होती. सरकारने छापलंय म्हणजे नाण्यासारखं कायमचं, हा समज काढून टाकावा.

जुनाबाजार

मी या धंद्यात आहे, बुधवार-रविवार पुण्यात जुन्या बाजारात चक्कर असते, त्यामुळे चार शब्द बोलायचा हक्क बजावतो. नव्या तिकिटांबद्दल नाशिकरोडकर म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. पण धाग्याचा सूर 'तिकिटं म्हणजे रद्दी' असा लागतोय, तो मान्य नाही.

आधी स्थिती. समोर माणूस अल्बम ठेवतो आणि म्हणतो, "साठ वर्षं जुनं आहे." मी तिकीट चिमट्याने उचलतो, उलटं करतो आणि ट्यूबखाली तिरकं धरतो. डिंक सगळीकडे सारखा चमकला पाहिजे. मध्येच मंद चौकोन दिसला की समजायचं, इथे हिंज, म्हणजे कागदाची छोटी चिकटपट्टी, लावून अल्बमला चिकटवलं होतं. तेवढ्यावरून भाव निम्म्यावर येऊ शकतो. मग कडेचे दाते मोजायचे, कोपऱ्यातला एखादा आखूड आहे का बघायचं. दात्यांच्या टोकांवर डिंक चढलेला दिसला, बोटाला तिकीट जरा ताठ लागलं, तर डिंक नंतर लावलेला. असली तिकिटं 'एकदम मिंट', म्हणजे कोरी करकरीत, म्हणून फिरत असतात.

मग कॅटलॉग, म्हणजे तिकिटांच्या किमतींची छापील यादी. लोक कॅटलॉगमधला आकडा फोनवर दाखवतात. तो भाव म्हणजे विक्रेत्याने एक चांगलं तिकीट शोधून, तपासून, पाकिटात घालून गिऱ्हाइकाला द्यायचा भाव. त्यात सगळ्यात खालचा जो आकडा असतो तो तर निव्वळ हाताळणीचा खर्च. तुम्ही मला विकायला आलात तर त्याच्या चौथ्या हिश्शात सौदा झाला तरी खूश व्हा.

तिरकस

म्हणजे कॅटलॉग हा बायोडेटा आणि बाजार म्हणजे कांदेपोहे.

जुनाबाजार

पोहे खाऊन 'कळवतो' म्हणणारेही इथे असतातच. पुढचं सांगतो. वाढतं काय? चांगल्या स्थितीतली १८५४ ची लिथोग्राफ (दगडावरून छापलेली) तिकिटं, काही संस्थानांची तिकिटं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त, वापरलेली पाकिटं. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल नेलं, जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल. पत्रं साडेसहा हजारांच्या आसपास. त्यावरचं तिकीट साधंच, रोजच्या वापरातलं. किंमत शिक्क्याची आणि अख्ख्या पाकिटाची. म्हणून जुन्या ट्रंकेत पाकिटं सापडली तर हात जोडून सांगतो, तिकीट कापून घेऊ नका, पाण्यात तर मुळीच भिजवू नका.

मुक्ता_ब

छान माहिती. पण चार कोटींच्या गांधींचं कुणीच सांगत नाहीये. खरं आहे का ते?

अर्धा_आणा

खरं आहे, पण मेसेजमध्ये अर्धंच येतं.

१५ ऑगस्ट १९४८ ला स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडला, कूर्व्हॉझिए कंपनीत. खादीच्या माणसाचं तिकीट परदेशात छापलं, यावर पुष्कळ बोललं गेलंय, ते सोडा. यातल्या शंभर संचांवर 'सर्व्हिस' (म्हणजे सरकारी कामाचं टपाल) असं छापून ते गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाला, म्हणजे राजगोपालाचारींच्या वापरासाठी दिले. त्यातल्या दहा रुपयांच्या सलग चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये स्टॅन्ली गिबन्स या लंडनच्या तिकीटविक्रेत्या कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या एका संग्राहकाला ५ लाख पौंडांना विकली. चार कोटी ते हे.

अण्णांच्या किंवा तुमच्या-माझ्या अल्बममध्ये असतं ते 'सर्व्हिस' नसलेलं. दीड आण्याचं वापरलेलं तर किरकोळीत मिळतं. दहा रुपयांचं कोरं, हिंज न लागलेलं असेल तर पाच आकडी किंमत येते. पण १९४८ साली दहा रुपये ही रक्कम होती हो! सोनं तोळ्याला शंभराच्या आसपास होतं. ज्याने तेव्हा ते तिकीट न घेता तेवढ्याच पैशांची सोन्याची तार घेऊन ठेवली, त्याचंही आज पाच आकडीच झालं असतं. हे स्वतंत्र भारताचं सगळ्यात नावाजलेलं तिकीट. बाकीच्यांचं काय बोलायचं?

आणि याच तिकिटाच्या नकला सगळ्यात जास्त. भिंगाखाली धरा. अस्सल फोटोग्राव्ह्युअर आहे, छटा सलग उतरत जातात. नक्कल ऑफसेटची असली की रंगीत ठिपक्यांची फुलं दिसतात. 'सर्व्हिस' ही अक्षरं तर साध्या तिकिटावर नंतर छापूनही विकतात. तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय त्याला हात लावू नये.

मुदतठेव

सोन्याचं उदाहरण आवडलं. असंच आणखी कुठल्या तिकिटाचं गणित मांडता येईल?

लंडनस्थ

जगातल्या सगळ्यात महाग तिकिटाचं मांडा की. ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं मजेंटा, जगात एकच प्रत ज्ञात. १९८० मध्ये अमेरिकेच्या जॉन द्यू पाँने ते ९ लाख ३५ हजार डॉलरना घेतलं. पुढे तो खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, तिथेच २०१० मध्ये वारला. २०१४ मध्ये लिलावात तिकिटाला जवळपास ९५ लाख डॉलर आले. बातमी काय, तर दसपट! पण ३४ वर्षांत दसपट म्हणजे वर्षाला साधारण ७ टक्के. लिलावगृहाचं कमिशन, विमा, तिजोरी हे त्यातूनच जायचं.

पुढे ऐका. २०१४ ला घेणारा स्टुअर्ट वाइट्झमन, बायकांच्या बुटांचा मोठा कारखानदार. त्याने २०२१ मध्ये ते विकलं तेव्हा आले ८३ लाख. एकमेव तिकीट, जगभर गाजलेलं, आणि सात वर्षांत बारा लाख डॉलरचा खड्डा.

फुटाणे

म्हणजे आमच्या सातवीतल्या वहीतल्या तिकिटांना काही आशा नाही तर.

तिरकस

त्या वहीच्या कोऱ्या पानांना आहे.

मांडवीकाठ

गोव्याहून थोडं वेगळं. आमच्याकडे पोर्तुगीज राजवटीची तिकिटं घराघरांत होती. पहिली १८७१ ची, इथेच गोव्यात बनवलेली, ओबडधोबड, वेडीवाकडी छिद्रं. पुढे चलन बदललं तसे जुन्या तिकिटांवर नवे आकडे छापले, त्यात इतके प्रकार झाले की अभ्यासाला एक जन्म पुरत नाही. यांचा भाव मुंबई-पुण्यात कळत नाही, लिस्बनला कळतो. तिथल्या संग्राहकाला आपल्या वसाहतींचा संच पुरा करायचा असतो. आपल्याकडच्या माणसाने १९६१ च्या मुक्तीच्या आगेमागची पाकिटं हातची सोडू नयेत, एवढं सांगेन.

पण खरा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर कपाट उघडायचं नाही. कोऱ्या तिकिटांचा डिंक दमट हवेत ओला होतो आणि पानाला चिकटतो. पिवळे-तपकिरी ठिपके पडायला लागले की ते एकातून दुसऱ्यात पसरतात. आमच्या शेजारच्या घरात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा सुंदर संग्रह असाच एका पावसाळ्यात वीटेसारखा घट्ट झाला. वाफ देऊन, गार करून एकेक सोडवत बसलो. तिकिटं सुटली, डिंक गेला. किंमत वाढते का विचारण्याआधी तिकीट टिकतं का ते विचारा. मधे ग्लासीन कागद घाला, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, अल्बम उभे ठेवा. स्वस्तातली मऊ पीव्हीसी पाकिटं वापरू नका, ती तिकिटाचा रंग ओढतात.

वाईकरीण

बापरे, अण्णांचं सगळं बाजारातल्या स्वस्त फोल्डरमध्ये आडवं, एकावर एक रचलंय. वर इस्त्रीचे कपडे.

जुनाबाजार

ताई, आधी कपडे उचला.

उलटी_गंगा

सगळे एका सुरात गाताय म्हणून उलट बाजू. 'सगळ्यांना मिळतं ते वाढत नाही' हे नेहमीच खरं नसतं. भूतानने १९६० च्या दशकापासून काय काय काढलं आठवा. थ्रीडी तिकिटं, पत्र्याची तिकिटं, आणि १९७२ च्या सुमारास वाजणारी तिकिटं, चक्क छोट्या तबकड्या, ग्रामोफोनवर लावली की भूतानचं राष्ट्रगीत आणि लोकगीतं. ही कल्पना एका अमेरिकी व्यापाऱ्याची, बर्ट टॉडची. तेव्हाच्या शिष्ट संग्राहकांनी 'ही खेळणी आहेत, तिकिटं नव्हेत' म्हणून तोंड फिरवलं. आज त्या तबकड्यांच्या संचाला शेकडो डॉलर मोजतात, कारण आता ते विकत घेणाऱ्यांत रेकॉर्ड जमवणारेही आले.

चीनचंही तसंच. १९८० चं लाल माकडाचं तिकीट, ८ फेनचं. तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं. पुढे चिनी लोकांच्या हातात पैसा आला आणि एका तिकिटाला हजारो युआन पडायला लागले. देश श्रीमंत झाला की त्या देशाची तिकिटं वाढतात. भारत श्रीमंत होतोय. करा विचार.

नाशिकरोडकर

भूतानचं मान्य. पण ती आधी नाकारली गेली, म्हणून जपली गेली नाहीत. माझ्याच मुद्द्याला तुम्ही टेकू दिलात! माकडाचंही तेच, १९८० चा चीन काही शीट घेऊन तिजोरीत ठेवणारा नव्हता. आपली २००६ ची चंदनाच्या वासाची तिकिटं आठवा. १५ रुपये दर्शनी. रांगा लावून घेतली लोकांनी. मग गुलाब, मोगरा, कॉफी, सगळे वास येऊन गेले.

तिरकस

आमच्याकडच्या चंदनाला आता डांबरगोळीचा वास येतो. दुर्मिळ प्रकार म्हणून कॅटलॉगमध्ये घालता येईल का?

उलटी_गंगा

@नाशिकरोडकर, म्हणजे आज ज्याला कुणी विचारत नाही ते घ्यावं, असं तुमच्याच तर्काने निघतं.

नाशिकरोडकर

निघतं. फक्त न विचारलेल्या शंभरातलं कुठलं एक पुढे चालेल ते आज सांगता येत नाही. आणि पोस्टाच्या 'माय स्टॅम्प' योजनेत तिकिटावर स्वतःचा फोटो छापून घेतलाय, तो दुर्मिळ आहे पण गिऱ्हाईक कोण, असंही होतं.

मुक्ता_ब

आमच्या लग्नात आहेरात तो माय स्टॅम्प आला होता. बारा तिकिटांवर आम्हीच. लाइट बिलाच्या पाकिटाला लावायचा धीर होत नाही.

लंडनस्थ

गुंतवणूक हा शब्द आला की मला स्पेन आठवतो. तिथे आफिन्सा आणि फोरुम फिलातेलिको अशा दोन कंपन्या लोकांकडून पैसे घ्यायच्या, 'तुमच्या नावाने तिकिटं घेतली, ठरावीक मुदतीने ठरावीक नफ्याने आम्हीच परत घेऊ' म्हणायच्या. बँकेपेक्षा बरा परतावा, वर्षानुवर्षं वेळेवर. मे २००६ मध्ये पोलिसांचे छापे पडले. तिकिटांची कागदोपत्री किंमत बाजारापेक्षा कैक पटींनी फुगवलेली निघाली, जुन्यांचा नफा नव्यांच्या पैशातून जात होता. साडेतीन लाखांवर माणसं अडकली, बरीचशी पेन्शनवाली. तिकीट खोटं नव्हतं, भाव खोटा होता. अण्णांना कुणी 'पाच वर्षांनी आम्हीच परत घेऊ' म्हणत असेल तर तिथे मात्र मध्ये पडा.

वाईकरीण

नाही नाही, ते फक्त पोस्टातूनच घेतात.

शाळामास्तर

उशिरा आलो. मुलांच्या शिक्षणाचं निघालंय म्हणून सांगतो. पोस्टाची दीनदयाळ स्पर्श योजना आहे, २०१७ पासून. सहावी ते नववीच्या, तिकिटं जमवणाऱ्या मुलांना वर्षाला ६००० रुपये शिष्यवृत्ती. शाळेत फिलाटेली क्लब हवा किंवा मुलाच्या नावाने डिपॉझिट अकाउंट. आधी प्रश्नमंजूषा, मग तिकिटांवर प्रकल्प. आमच्या शाळेतल्या एका मुलीने पुलांवरची तिकिटं घेऊन प्रकल्प केला, काय सुंदर मांडणी होती! आजोबांना शीट घेण्याऐवजी नातीला घेऊन बसू द्या. तिकिटांतून शिक्षणाला पैसे यायचा माझ्या माहितीतला हा एकच सरळ रस्ता आहे.

मुदतठेव

मास्तर, बरोबर बोललात. दहा-दहा रुपयांच्या मोजक्या तिकिटांवर वर्षाला ६०००. माझी मुदत ठेव लाजली.

फुटाणे

अवांतर: लहानपणी 'मग्यार पोस्टा' हा देश मी नकाशात शोधला होता. हंगेरी आहे हे फार उशिरा कळलं. आणि अजमानची फुलपाखरं! शाळेत एका अजमानला दोन भारत असा भाव होता.

अर्धा_आणा

अजमान, त्याच्याच ताब्यातलं मनामा, फुजैरा, उम्म अल कुवैन. वाळवंटातली चिमुकली अमिरातं, साठच्या दशकात परदेशी एजंटांनी त्यांच्या नावाने गाड्याभर तिकिटं छापली. फुलपाखरं, ऑलिम्पिक, अंतराळवीर. छापतानाच शिक्का मारलेली, पत्र कधी बघितलंच नाही त्यांनी. मागचा डिंक शाबूत आणि पुढे कोपऱ्यात सुबक पाव गोल शिक्का दिसला की ओळखायचं. आपल्या पिढीचे निम्मे अल्बम त्यांनीच भरलेत. आज किलोवर मिळतात.

वाईकरीण

अर्धा_आणा, तुम्ही माझ्या खांद्यावरून बघताय की काय! अण्णांच्या जुन्या अल्बमचे फोटो टाकतेय. पहिली दहा पानं फुलपाखरं आणि अंतराळवीर. मग भारत आहे. एक गांधीजींचं हिरवट राखाडी, धोंडो केशव कर्व्यांचं आहे, शिवाजी महाराजांचं आहे. शेवटी दोन-तीन पाकिटं नुसतीच खोचलेली.

जुनाबाजार

फोटो बघितले. हिरवट राखाडी ते १९४८ चं बारा आण्याचं, वापरलेलं, शिक्का हलका आहे, वरचा एक दाता आखूड. काहीशे रुपयांच्या घरातलं, लाखांचं नाही. कर्वे १९५८ चे. हयात भारतीयाचं पहिलं तिकीट ते, अण्णासाहेबांच्या शंभराव्या वाढदिवसाला, १८ एप्रिलला निघालेलं. इतकं मोठं महत्त्व, पण वापरलेलं दहा-वीस रुपयांत मिळतं, कारण तेव्हा भरपूर छापलं आणि भरपूर वापरलं. महाराजांचं १९६१ चं, तेही तसंच. पाकिटांचे फोटो अंधुक आहेत, शिक्क्यावरचं गाव आणि तारीख वाचता येईल असा उजेडात एक काढा. काही मोलाचं निघालं तर तिथूनच निघेल.

वाईकरीण

काल अण्णांना अख्खा धागा वाचून दाखवला. सचिनपर्यंत म्हणाले, "यांना काय कळतंय." मजेंटाच्या गणिताला गप्प झाले. मांडवीकाठांचा पावसाळा ऐकला आणि उठून फोल्डर उभे करून आले. शीट बंद करणार नाही म्हणालेत, एकेक करेन म्हणालेत. नातीच्या शाळेत क्लब आहे का ते विचारायला उद्या स्वतः जाणार आहेत.

पाकिटावर एक शिक्का वाचता आला: 'सातारा' आणि १९४३. वर इंग्रजीत काहीतरी छापलेली पट्टी चिकटवलीय, कडेने पाकीट कापून पुन्हा बंद केल्यासारखं. अण्णा विचारतायत, ती पट्टी काढून स्वच्छ करायची का?

जुनाबाजार

नाही!! हात लावू नका. ती सेन्सॉरची पट्टी असणार, दुसऱ्या महायुद्धातली. पत्र उघडून वाचून परत बंद केलंय. पाकिटाला जी काही किंमत आहे ती त्या पट्टीमुळेच. लॉटरी नाही, पण तुमच्या त्या सगळ्या नव्या शीटपेक्षा मी आधी ते मागेन. आतलं पत्र आहे का?

वाईकरीण

आहे. अण्णांच्या काकांचं, बसऱ्याहून. मोडीत आहे, कुणाला वाचता येत नाही. विकायचं नाही म्हणालेत.

शाळामास्तर

मोडीचा स्वच्छ फोटो टाका, इथे वाचणारे आहेत.

मांडवीकाठ

अण्णांना सांगा, पोर्तुगीज अमदानीतली माझ्याकडे बरीच दुबार आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. बदल्यात पैसे नकोत. १९५२ ची संतकवींची मालिका पुरी करतोय. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, टागोर आहेत. साडेचार आण्याचा गालिब तेवढा अडलाय. डिंक नसला तरी चालेल.